मुंबईचीं एकोणचाळीस मिनिटें

एका घरांतील दोन घड्याळें एकमेकांशीं जुळत नाहींत, हा अनुभव नवा नाहीं. स्वयंपाकघरांतलें घड्याळ दिवाणखान्यांतल्या घड्याळाहून पांच मिनिटें पुढें असतें. आणि तें मुद्दाम पुढें ठेवलें आहे हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें त्याच्याकडे पाहून कोणीही घाई करीत नाहीं. परंतु एका सबंध शहरानें आपलीं घड्याळें सरकारी घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटें मागें ठेवावीं, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या मागेंपणाचा अभिमान बाळगावा, ही गोष्ट मात्र ऐकणाराला नवलाची वाटेल. श्रोतेहो, तें शहर म्हणजे आपली मुंबई.

मध्य मुंबईंतील एका जुन्या उद्यानाच्या दाराशीं एक सार्वजनिक घड्याळ आहे. तें सहा वाजून अकरा मिनिटांनीं बंद पडलेलें आहे. कोणत्या वर्षीं, याविषयीं मतभेद आहेत. त्या घड्याळासमोरच्या बांकावर रोज संध्याकाळीं चार निवृत्त गृहस्थ जमतात : एक पोस्टमास्तर, एक वकील, एक डॉक्टर आणि एका कापडगिरणीचे हिशेबनीस. रस्ते, गटारें, पाणी आणि नातवंडें हे चार विषय संपले, म्हणजे गाडी घड्याळावर येते. चौघांनीं मिळून आजवर त्याच्या दुरुस्तीसाठीं सहा अर्ज केले. पहिल्याचें उत्तर आलें कीं, घड्याळ उद्यानखात्याचें नाहीं. दुसऱ्याचें उत्तर आलें कीं, मनोरा बांधकामखात्याचा असला तरी आंतील यंत्राचा विचार यांत्रिक खात्यानें करावयाचा आहे. तिसऱ्या उत्तरांत असें विचारलें होतें कीं, अर्जदारांस हें घड्याळ बंद असल्याचें कोणत्या वेळीं आढळून आलें.

"सहा वाजून अकरा मिनिटांनीं," असें वकिलांनीं विनाविलंब कळविलें. त्यानंतर चौथें उत्तर आलें नाहीं.

बंद घड्याळ दिवसांतून दोन वेळां बरोबर असतें, हा विनोद जुना आहे. परंतु पोस्टमास्तरांचें म्हणणें असें कीं, हें घड्याळ दिवसांतून चार वेळां बरोबर असतें. कारण संध्याकाळीं सहा वाजून पन्नास मिनिटें झालीं, कीं जुन्या मुंबईच्या वेळेनें सहा वाजून अकरा मिनिटें होतात. त्या क्षणीं ते उठून घड्याळास नमस्कार करतात आणि म्हणतात, "चला मंडळी, मुंबईची वेळ झाली." बैठक तेथें संपते.

ही मुंबईची वेळ म्हणजे काय, हें एकदां डॉक्टरांनीं विचारलें, आणि पोस्टमास्तरांस आयुष्यांतील सर्वांत आवडतें व्याख्यान देण्याची संधि मिळाली.

सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातांना एक रेखांश ओलांडण्यास चार मिनिटें घेतो. म्हणून प्रत्येक गांवाची माध्यान्ह निराळी. घटिकापात्र पाण्यांत बुडतांना पाहून मुहूर्त साधणाऱ्या आपल्या पूर्वजांस यांत कांहींच अडचण नव्हती. पुण्याचें लग्न पुण्याच्या सूर्यावर आणि नागपूरचें नागपूरच्या. अडचण आणली ती आगगाडीनें. प्रत्येक स्टेशनाची वेळ निराळी धरली, तर वेळापत्रक छापणें अशक्य. म्हणून रेल्वेनें मद्रासच्या वेधशाळेची वेळ सर्वत्र धरली. ती मुंबईच्या वेळेपुढें सुमारें अर्धा तास होती. शहराचें घड्याळ पाहून बोरीबंदरास निघालेल्या गृहस्थाला गाडीचा केवळ धूर दिसावा, हें मग ओघानेंच आलें.

१८८१ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांतून हीच मद्रासची वेळ लागू केली. शहर चिडलें. त्यावेळीं विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पुरा होऊन तीन वर्षें झालीं होतीं. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें दिलेल्या देणगींतून तो उभा राहिला होता, आणि दोनशें ऐंशी फूट उंच अशा त्या मनोऱ्यावरचें घड्याळ साऱ्या कोटास दिसत होतें. त्या घड्याळानें कोणाची वेळ दाखवावी, हा प्रश्न सिनेटापुढें आला. सिनेटानें मुंबईच्या बाजूनें कौल दिला. तेव्हां, जें घड्याळ सरकारी वेळ दाखवीत नाहीं त्याच्या दिव्याबत्तीचा खर्च सरकार देणार नाहीं, अशी भूमिका सरकारनें घेतली.

"म्हणजे सरकारची वेळ मानाल तरच उजेड!" डॉक्टर म्हणाले.

"आपल्या खात्यांपेक्षां तें बरें," वकील म्हणाले. "निदान कारण तरी स्पष्ट कळविलें."

अखेर मद्रासच्या वेळेचा तो हट्ट सरकारनेंच सोडला. परंतु पुढें १ जानेवारी १९०६ पासून मोठा पाहुणा आला. साडेब्याऐंशी रेखांशावरची, ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढची वेळ साऱ्या हिंदुस्थानासाठीं प्रमाण ठरली. मुंबई पडली पावणेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास. पावणेदहा अंशांस चार मिनिटांनीं गुणिलें, कीं एकोणचाळीस मिनिटें होतात. घटकांच्या भाषेंत पावणेदोन घटकांस थोडीं कमी. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेनें चालूं लागल्या. महापालिकेनें मात्र वादविवादानंतर आपली जुनीच वेळ राखली. तिकडे कलकत्ताही आपल्या वेळेला चिकटून राहिलें. तें प्रमाणवेळेच्या सुमारें चोवीस मिनिटें, म्हणजे जवळजवळ एक घटका, पुढें होतें, आणि १९४८ पर्यंत तसेंच राहिलें. मुंबईच्या महापालिकेनें प्रमाणवेळ पत्करली ती स्वातंत्र्य आल्यानंतरच.

मध्यें महायुद्धाच्या धामधुमींत, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, प्रमाणवेळच एक तास पुढें ढकलण्यांत आली होती. त्यामुळें मुंबईचा सूर्य आणि सरकारचें घड्याळ यांच्यांत एक तास एकोणचाळीस मिनिटांचें अंतर पडलें. गृहिणींनीं त्या काळीं पोळ्या कोणत्या वेळेनें लाटल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं.

"पण सोय केवढी!" डॉक्टर हंसत म्हणाले. "सभेला पाऊण तास उशीर झाला, तरी माणसानें छातीठोकपणें सांगावें कीं, मी महापालिकेच्या वेळेनें आलों."

सारे हंसले. हिशेबनीस मात्र हंसले नाहींत. ते मुळांत थोडें बोलणारे. घड्याळाकडे पाहत ते म्हणाले, "पोस्टमास्तर, तुमच्या गोष्टींत सिनेट आलें, महापालिका आली, गव्हर्नर आले. गिरणीचा माणूस नाहीं आला."

पोस्टमास्तर थांबले. "आणा तुम्ही," ते म्हणाले.

मग हिशेबनिसांनीं सांगितलें. त्यांचे आजोबा कोंकणांतून मुंबईस आले ते याच सुमारास, पोरवयांत, गिरणींत कामाला. गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. दिवे नव्हते तोंवर सूर्य मावळला कीं सांचा थांबे. दिवे आले, आणि दिवस मालकाला हवा तितका लांब झाला. कापडगिरण्यांतील मोठ्या माणसाच्या कामाला बारा तासांची मर्यादा कायद्यानें आली ती १९११ मध्यें. अशा काळांत जानेवारी १९०६ उजाडला, आणि त्याच महिन्यांत गिरणगांवांत नव्या वेळेवरून कामगारांनीं दगडफेक केली. वर्तमानपत्रांनीं त्यांस अडाणी म्हटलें असेल. परंतु हिशेब करून पाहावा. जानेवारींत मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेनें सव्वासातच्या सुमारास उगवतो. घड्याळावरचा कामाचा तास तोच ठेवून घड्याळ एकोणचाळीस मिनिटें पुढें केलें, तर माणसाला तेवढें आधीं, अंधारांत आणि थंडींत उठावें लागतें. बाई कामाला जाणारी असेल, तर चूल त्याच्याही आधीं पेटावी लागते.

"आजोबांजवळ घड्याळ नव्हतें," हिशेबनीस म्हणाले. "चाळींत कोणाजवळच नव्हतें. भोंगा वाजला कीं पळत सुटायचें, आणि फाटक बंद झालें कीं खाडा. भोंगा वेळेवर वाजला कीं आधीं, हें विचारणार कोणाला? ते म्हणत, ज्याच्या हातीं घड्याळ, त्याच्या हातीं आपला दिवस. म्हणून रस्त्यावरच्या घड्याळाला ते साक्षीदार म्हणत. तें कोणाच्या बापाचें नव्हतें."

बांकावर कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. डॉक्टरांनीं हळूच म्हटलें, "पण आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, हिशेबनीस. साक्षीदाराची आतां काय गरज?"

हिशेबनिसांनीं उद्यानाच्या दाराकडे बोट दाखविलें. तेथें झाडलोट करणारी एक बाई उभी होती. तिच्या हजेरीचें यंत्र मुकादमाच्या हातांत होतें. "त्या यंत्रांत किती वाजले आहेत, तें तिला दिसत नाहीं," ते म्हणाले. "मुकादमाला दिसतें. तो प्रामाणिक असेलही. पण वर पाहून खात्री करून घ्यावी म्हटलें, तर वर सहा वाजून अकराच मिनिटें आहेत."

वकिलांनीं खिशांतून लेखणी काढली. आधींचे सहा अर्ज त्यांनींच लिहिले होते आणि प्रत्येकांत कोपरखळ्या पेरल्या होत्या. सातव्यांत त्यांनीं एकही ठेवली नाहीं. या रस्त्यानें कामाला जाणाऱ्या माणसांस स्वतःच्या डोळ्यांनीं वेळ पाहतां यावी, एवढ्यासाठीं हें घड्याळ चालूं करावें, इतकेंच त्यांत लिहिलें. चौघांनीं सह्या केल्या. मग हिशेबनिसांनीं त्या बाईला हांक मारून अर्ज वाचून दाखविला, आणि तिनेंही पांचवी सही केली. तिची सही चौघांच्या सह्यांहून सुवाच्य होती.

"घड्याळ दुरुस्त झालें, तर लावायचें कोणत्या वेळेनें?" डॉक्टरांनीं विचारलें.

"सरकारच्याच," पोस्टमास्तर म्हणाले. "देश एक, तर वेळही एक असावी, तो वाद संपला. आपली तक्रार वेळ कोणाची याविषयीं नाहीं, ती सर्वांना दिसावी एवढीच आहे."

इतक्यांत सहा वाजून पन्नास मिनिटें झालीं. वर घड्याळांत आणि खालीं जुन्या मुंबईंत एकच वेळ होती. पोस्टमास्तर नेहमींप्रमाणें उठले, त्यांनीं नमस्कार केला. परंतु त्या संध्याकाळीं तो नमस्कार चौघांनींही केला.

सातव्या अर्जाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या मोहल्ल्यांत असें एखादें घड्याळ असेल, त्यांनीं उद्यां जातां जातां एकवार वर पाहावें. तें चालूं असेल, तर त्याला किल्ली देणाऱ्या माणसाचे आभार मानावे. बंद असेल, तर अर्ज कोणत्या खात्याकडे करावयाचा, हें मात्र त्यांनीं स्वतःच शोधून काढावें. आणि सांपडलें, तर त्या बांकावर अवश्य कळवावें.