मूत्रपिंडांचें कार्य

मातीचा कोरा घडा गळ्यापर्यंत पाण्यांत बुडवून ठेविला, तर त्याच्या तोंडांतून एक थेंबहि आंत न जातां तो चोहों बाजूंनीं पाझरून हळूहळू भरतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मुतखड्याचें विवेचन करतांना, बस्तींत म्हणजे मूत्राशयांत मूत्र कसें सांठतें हें समजावून देण्यासाठीं हाच दृष्टांत योजिला आहे. दृष्टांत मोठा मार्मिक आहे. मूत्राशयाच्या भिंतींतूनच पाणी आंत झिरपत असलें पाहिजे अशी त्यामागील कल्पना. आश्चर्य असें कीं, दूर रोमनगरांतहि आस्क्लेपिआडिस नांवाच्या वैद्याचें मत फारसें निराळें नव्हतें. प्यालेलें पाणी वाफेच्या रूपानें मूत्राशयांत शिरतें व तेथें त्याचें पुन्हां पाणी होतें, असें तो शिकवीत असे.

या मताचें खंडन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन यानें केलें, आणि तें नुसत्या वादानें नव्हे, तर प्रयोगानें. मूत्रपिंडांपासून मूत्राशयाकडे येणाऱ्या दोन बारीक नळ्या त्यानें जिवंत जनावरांत दोऱ्यानें बांधून टाकिल्या. थोड्याच वेळांत गांठीच्या वरचा भाग फुगला आणि मूत्राशय मात्र कोरडा राहिला. गांठ सोडतांच मूत्र खालीं उतरूं लागलें. मूत्र मूत्रपिंडांत तयार होतें हें त्या दिवसापासून निर्विवाद ठरलें; परंतु तेथें तें कसें तयार होतें, हें कळावयास मात्र आणखी सोळा शतकांहून अधिक काळ जावा लागला.

मूत्रपिंडें पोटांत आहेत असें म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तीं पोटाच्या पोकळीच्याहि मागें, पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला वसलेलीं असतात. उजव्या अंगास वर यकृताचें बस्तान असल्यामुळें उजवें मूत्रपिंड डाव्यापेक्षां किंचित् खालीं असतें. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार, सुमारें ११ सेंटिमीटर लांबी व दीडशें ग्रॅमच्या आसपास वजन, एवढाच त्यांचा संसार. सबंध शरीराच्या वजनाच्या मानानें दोन्ही मिळून अर्धा टक्काहि भरत नाहींत. परंतु हृदय दर मिनिटाला जें सुमारें ५ लिटर रक्त बाहेर लोटतें, त्यांतला जवळजवळ पांचवा हिस्सा या दोघांच्या वाट्यास येतो. एवढ्याशा अवयवांना एवढें रक्त त्यांच्या स्वतःच्या पोषणासाठीं खास लागत नाहीं. तें तेथें येतें तें साफ होण्यासाठीं.

सतराव्या शतकांत, १६६६ सालीं, इटलींतील माल्पिघी यानें सूक्ष्मदर्शकाखालीं मूत्रपिंडाचा काप पाहिला, तेव्हां त्याला फळांनीं लगडलेल्या झाडासारखा देखावा दिसला. रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना बारीक बारीक गोळे लोंबत होते. हे गोळे म्हणजे केशवाहिन्यांचे गुंतवळे होत. प्रत्येक गुंतवळ्याभोंवतीं एक पेला असतो व त्या पेल्यांतूनच मूत्राची नळी निघते, हें १८४२ सालीं लंडनच्या विल्यम बोमन यानें दाखवून दिलें. तो पेला आजतागायत त्याच्याच नांवानें ओळखला जातो. त्याच सुमारास जर्मनींत कार्ल लुडविग यानें असा तर्क मांडला कीं, गुंतवळ्यांतील रक्ताच्या दाबामुळें रक्तांतील पाणी व त्यांत विरघळलेले पदार्थ पेल्यांत गाळले जात असावे. पुष्कळांना हें पटलें नाहीं. निव्वळ गाळणीनें मूत्र होत असेल, तर निरोगी माणसाच्या मूत्रांत साखर कां सांपडूं नये, हा आक्षेप कांहीं लहानसहान नव्हता.

या वादाचा निकाल अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एका बेडकानें लाविला. रिचर्ड्स व वेर्न या दोघां संशोधकांनीं केंसाहून बारीक अशी कांचेची नळी बेडकाच्या मूत्रपिंडांतील एकाच पेल्यांत खुपसून तेथील द्रव ओढून घेतला आणि १९२४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या सूक्ष्म थेंबांत प्रथिन नव्हतें; पण साखर होती, मीठहि होतें. त्याच बेडकाच्या मूत्राशयांतील मूत्रांत मात्र साखरेचा मागमूस नव्हता. अर्थात् पेल्यांत गाळली गेलेली साखर पुढच्या प्रवासांत कोणी तरी परत उचलून घेतली होती. लुडविगचा तर्क खरा ठरला, आणि एका अर्थीं सुश्रुताच्या घड्यालाहि न्याय मिळाला. झिरपणें खरेंच होतें; चुकली होती ती केवळ जागा.

प्रत्येक मूत्रपिंडांत अशा पेल्याच्या नळ्या सुमारें दहा लाख असतात. त्या सर्व माणूस जन्मास येण्यापूर्वींच बनून तयार होतात. पुढें उभ्या आयुष्यांत एकाहि नवीन नळीची भर पडत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. या नळ्यांतून दर मिनिटास सुमारें १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाकांठीं १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरांतील रक्ताचा पातळ भाग अवघा ३ लिटर. तेव्हां तो सबंध भाग रोज साठ वेळां गाळणींतून जातो म्हणावयाचा. आणि मूत्र पडतें तें दीड लिटरच्या आसपास ! उरलेलें सगळें नळीच्या भिंती परत शोषून रक्तांत नेऊन टाकतात.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं, असें कोणासहि वाटेल. जें टाकावयाचें तेवढेंच वेंचून टाकलें असतें तर काय बिघडलें असतें ? याचें उत्तर दिवाळीपूर्वीं घर झाडणाऱ्या गृहिणीपाशीं आहे. ती फडताळांतील अडगळ एकेक शोधीत बसत नाहीं; सारें फडताळ अंगणांत रिकामें करते आणि हवें तेवढेंच मोजून परत आंत नेते. राहिलें तें आपोआप केर ठरतें. शरीरांत कोणकोणते अपरिचित पदार्थ, कोणकोणतीं औषधें, कोणकोणतीं विषें केव्हां शिरतील याचा नेम नाहीं. प्रत्येकाला ओळखून बाहेर काढावयाचें तर प्रत्येकासाठीं निराळा पहारेकरी नेमावा लागेल. त्यापेक्षां सर्वच बाहेर ओतून, साखर, मीठ, पाणी असले ओळखीचे पदार्थ परत घ्यावे, हें कितीतरी सोपें. प्रथिनांच्या पचनांतून निर्माण होणारा यूरियाहि याच वाटेनें पुष्कळसा बाहेर राहतो.

परत घेण्याच्या कामाला अर्थातच मर्यादा आहे. रक्तांतील साखर १०० मिलिलिटरांस सुमारें १८० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेली कीं नळीच्या भिंतींचे हात अपुरे पडतात, आणि साखर मूत्रांत उतरूं लागते. साखर आपल्याबरोबर पाणीहि ओढून नेते. म्हणून मधुमेही माणसास वारंवार लघवीस जावें लागतें व तहानहि लागते. त्या मूत्राला मुंग्या लागतात हें प्राचीन आर्यवैद्यांनीं नोंदवून ठेविलें आहे. नळ्यांच्या हाताबाहेर गेलेल्या साखरेचा पत्ता त्यांना मुंग्यांनींच दिला.

पेल्यांतून निघालेली नळी प्रथम कांहीं वेटोळीं घेते. तेथेंच दोन-तृतीयांश पाणी व मीठ आणि सारी साखर परत जाते. नंतर ती एकदम सरळ खालीं उतरते व केंसाला लावावयाच्या आकड्यासारखी वळून पुन्हां वर येते. १८६२ सालीं हेन्ले यानें या आकड्याचें वर्णन केलें. तो इतका लांब कां, हें कोडें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुटलें नव्हतें. वर जाणारा फांटा मीठ बाहेर टाकतो पण पाणी सोडीत नाहीं. खालीं येणारा पाणी सोडतो. शेजारीं शेजारीं पण उलट दिशांनीं वाहणाऱ्या या दोन प्रवाहांमुळें मूत्रपिंडाच्या गाभ्यांत मिठाचें प्रमाण खोलीबरोबर चढत जातें, आणि अखेरच्या नळींतून जातांना मूत्र तेथें आटून रक्ताच्या चौपटीपर्यंत दाट होऊं शकतें. किती आटवावयाचें याचा हुकूम मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूष ग्रंथींतून एका अंतःस्रावाच्या रूपानें सुटतो. वैशाखांत घाम गाळणाऱ्या शेतकऱ्याचें मूत्र थोडें व गडद पिंवळें होतें तें या हुकुमामुळें. दारू हा हुकूम दाबून टाकते, म्हणून पिणाऱ्यास प्याल्याहूनहि अधिक पाणी गमवावें लागतें. तथापि चौपटीच्या पुढें माणसाची धांव नाहीं. समुद्राचें पाणी याहून खारट असल्यामुळें, फुटलेल्या गलबतावरील खलाशानें तें प्यालें, तर त्यांतील मीठ बाहेर टाकण्यासाठीं त्याला अंगचेंच पाणी खर्चावें लागतें आणि तहान वाढतच जाते.

तयार झालेलें मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून खालीं येतें. या सुमारें २५ सेंटिमीटर लांब नळ्यांतून तें नुसतें ओघळत नाहीं. नळ्यांचे स्नायू लाटांप्रमाणें आंखडून तें पुढें ढकलतात, म्हणून निजलेल्या माणसाचेंहि मूत्र मूत्राशयांत पोंचतें. नळी मूत्राशयाच्या भिंतींत तिरपी शिरते. मूत्राशय भरला कीं भिंतच तिला दाबून बंद करते व मूत्र उलट वर चढत नाहीं. मुतखडा अडकतो तो या मूत्रवाहिनींत, आणि त्याच्या कळा कसल्या असतात हें भोगलेल्यानेंच सांगावें. मूत्राशयांतील खडा काढण्याची शस्त्रक्रिया सुश्रुतानें बारकाईनें वर्णिली आहे. डाव्या हाताचीं दोन बोटें गुदद्वारांतून घालून खडा खालीं आणावा, शिवणीच्या डाव्या अंगास एक जंव अंतर सोडून छेद घ्यावा, व खड्याचा कणहि आंत ठेवूं नये, कारण तोच पुन्हां वाढतो. शस्त्र न चालविल्यास मरण ठरलेलें, चालविल्यास जगण्याचा संशय. म्हणून आधीं राजाची परवानगी घ्यावी, असेंहि तो बजावतो. हा सावधपणा आजच्या शस्त्रवैद्यासहि ओळखीचा वाटेल.

मूत्राशयांत दीडदोनशें मिलिलिटर मूत्र जमलें कीं पहिली जाणीव होते. चारपांचशेंपर्यंत तो सहज ताणला जातो. बाहेर जाण्याच्या वाटेवर दोन दारें आहेत. आंतलें दार माणसाच्या इच्छेस जुमानीत नाहीं. बाहेरचें तिच्या ताब्यांत असतें, आणि तो ताबा मिळविण्यास मुलास दोनतीन वर्षें लागतात. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारें २० सेंटिमीटर, तर स्त्रीचा अवघा ४. जंतूंना ही वाट जवळची पडते, म्हणून मूत्राशयाचा दाह स्त्रियांतच अधिक. आणि जेथें आडोसा नाहीं म्हणून स्त्रियांना तासन् तास लघवी तुंबवून धरावी लागते, पाणी पिणेंहि टाळावें लागतें, तेथें या दुखण्याला आणखी वाव मिळतो. हा दोष शरीररचनेचा नव्हे, गांवरचनेचा आहे.

मूत्रपिंडांकडे आणखीहि कामें आहेत. रक्ताचा दाब सांवरणारा रेनिन हा पदार्थ तेथेंच बनतो. स्वीडनमध्यें १८९८ सालीं त्याचा शोध लागला. हाडांच्या मज्जेला तांबड्या पेशी घडविण्याची आज्ञा मुख्यतः तेथूनच जाते, व हाडांस लागणारें ड जीवनसत्त्व तेथेंच कार्यक्षम होतें. म्हणून मूत्रपिंडें बिघडलेला रोगी केवळ सुजत नाहीं. तो पांढराफटक पडतो, त्याचीं हाडें ठिसूळ होतात व दाब चढतो.

आणि हा बिघाड मोठा मुका असतो. वीस लाखांपैकीं निम्म्या नळ्या निकामी होईपर्यंत रक्ताच्या नेहमींच्या तपासणींत बहुधा कांहीं दिसत नाहीं. उरलेल्या नळ्या मेलेल्यांचें काम अंगावर घेतात. दुखत तर मुळींच नाहीं. पहिली खूण म्हणजे मूत्रांत उतरणारें अल्बुमिन हें प्रथिन, आणि तें मूत्र तपासल्यावांचून कळत नाहीं. हा नाश घडविणाऱ्यांत मधुमेह व वाढलेला रक्तदाब हे दोघे अग्रभागीं आहेत. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षें मनानें घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचाहि त्यांत हात असतो.

गाळणी पुरती बंद पडली तर पूर्वीं मरणावांचून गत्यंतर नव्हतें. १९४३ सालीं, शत्रूनें व्यापलेल्या हॉलंडमध्यें, कांपेन गांवच्या रुग्णालयांत विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरानें सॉसेजच्या वेष्टणासाठीं वापरावयाची सेलोफेनची नळी लांकडी पट्ट्यांच्या पिंपाभोंवतीं गुंडाळली, तें पिंप मिठाच्या पाण्यांत फिरविलें व नळींतून रोग्याचें रक्त खेळविलें. पहिले बहुतेक रोगी दगावले. कोल्फनें धीर सोडला नाहीं. १९४५ सालीं बेशुद्धावस्थेंत आणलेली ६७ वर्षांची एक वृद्धा त्या यंत्रानें शुद्धीवर आली. त्या पिंपाचीच वंशज असलेलीं डायलिसिसचीं यंत्रें आज जिल्ह्याच्या गांवींहि आढळतात. पण आठवड्यास तीनदां, दर वेळीं चार तास यंत्राशीं बांधून घेणें म्हणजे काय, हें त्या रोग्याच्या घरीं गेल्याखेरीज समजत नाहीं. मजुरी बुडते, आणि सोबत येणाऱ्या आप्ताचीहि बुडते.

दुसरा मार्ग दुसऱ्याच्या मूत्रपिंडाचा. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें जोसेफ मरे यानें जुळ्या भावांपैकीं एकाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें. तो भाऊ पुढें आठ वर्षें जगला, व मरे यास १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत १९७१ सालीं हें रोपण यशस्वी झालें. पुढें गरिबांचीं मूत्रपिंडें विकत घेण्याचा बाजार भरूं लागल्यामुळें १९९४ सालीं कायदा करून ही विक्री गुन्हा ठरवावी लागली. आतां जिवंतपणीं देणारे बहुधा घरचेच असतात; आणि भारतांत त्या देणाऱ्यांत आया, बायका, बहिणी फार, तर घेणाऱ्यांत पुरुष फार, ही गोष्ट शरीरशास्त्राची नसली तरी सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

दात्याचें उरलेलें मूत्रपिंड कांहीं आठवड्यांत आकारानें वाढतें व दोघांचें बरेंचसें काम एकटें करूं लागतें. घेणाऱ्याचीं जुनीं मूत्रपिंडें बहुधा जागच्या जागींच ठेवितात; नवें पाठीमागें न बसवितां ओटीपोटांत, मांडीच्या वरच्या अंगास बसवितात, कारण तेथून मूत्राशय जवळ पडतो. रक्तवाहिन्या सांधून चिमटे सोडले कीं तें फिकट मूत्रपिंड गुलाबी होतें, आणि पुष्कळदां शस्त्रक्रियेच्या टेबलावरच, वैद्यांच्या डोळ्यांदेखत, मूत्रवाहिनीच्या मोकळ्या टोकावर पहिला थेंब येतो.