कुबेर नौकेचा तांडेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासदाने चार शब्द बोलावेत असा आपला प्रघात आहे. या वर्षी ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण माझे माहेर वसईच्या किनाऱ्यावरचे, कोळ्याचे घर. लग्न होऊन नागपुरास आले त्याला तेवीस वर्षे झाली. समुद्र पाहिलेल्या भगिनी इथे पुष्कळ असतील. समुद्रावर ज्यांचे पोट आहे अशा घरातून आलेली मात्र बहुधा मी एकटीच. म्हणून आज एका तांडेलाची आठवण करावी, असे मनात आले.

तांडेल म्हणजे मासेमारी नौकेचा कप्तान. नौकेचा मालक कधी तोच असतो, कधी दुसराच कोणी. सुकाणू तांडेलाच्या हाती. जाळे कुठे सोडायचे, केव्हा ओढायचे, वारा फिरला तर पुढे जायचे की मागे वळायचे, हे सारे त्याने ठरवायचे. खलाशांचे जेवणखाण, दुखणेखुपणे, भांडणतंटे हेही त्याच्याच अंगावर. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जावेसारखे त्याचे असते. मान मोठा, पण सगळ्यांचे झाल्याशिवाय आपण पानावर बसायचे नाही.

आपले नागपूर समुद्रापासून फार लांब. इथे झिरो माइलचा दगड आहे आणि मुंबईचा किनारा आठशे किलोमीटरहून अधिक दूर. आपल्या इकडे मासोळी म्हटली की तलावाची, नदीची. भंडारा-गोंदियाकडच्या ढीवर बांधवांनी काढलेली. समुद्राची मासळी येते ती बर्फात घालून. आपण कल्ले उघडून पाहतो, डोळे तपासतो, भाव करतो आणि घेऊन येतो. २०२३ साली सरंगा, म्हणजे चंदेरी पापलेट, हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. त्या वेळी मत्स्यव्यवसायमंत्री आपल्या चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार होते. माशाला मान मिळाला याचा मला आनंद झाला. तो काढणाऱ्याचेही थोडे ऐकून घ्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

माझे थोरले काका तांडेल होते. त्यांचे शिक्षण माझ्याहूनही कमी, पण पंचांग त्यांना तोंडपाठ. भरतीची वेळ काढायची त्यांची रीत अशी : तिथीचा पाऊणपट करायचा. चतुर्थी असेल तर तीन वाजता पाणी पूर्ण भरणार, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ फार, त्याला उधाण म्हणायचे. अष्टमीच्या सुमारास ओढ मंद, त्याला भांग म्हणायचे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. काकांना ते गालावर कळत. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटला की नौका बाहेर काढायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने परत यायचे, असे शिडाच्या काळात त्यांचे वडील करीत. पुढे इंजिन आले, मग बर्फाचे खण आले, आणि एका दिवसाची फेरी आठ-पंधरा दिवसांची झाली.

त्या पंधरा दिवसांत माणसे कशी राहतात, ते सांगते. डिझेल, बर्फ, तांदूळ, डाळ आणि पिण्याचे पाणी घेऊन निघायचे. त्या पाण्याला आमच्याकडे गोडे पाणी म्हणतात. ते जपून वापरायचे. अंघोळीला मिळत नाही. रात्री जाळे सोडले की पहाटे ओढायचे. दोरीने तळहात कापतात, त्यावर खारे पाणी लागते, जखम भरत नाही. झोप एकसलग मिळत नाही. ताप आला तर डॉक्टर नाही, पाय घसरून कोणी पाण्यात पडला तर अंधारात दिसत नाही. घरी आलेल्या काकांच्या हाताला आमची काकू आधी खोबरेल लावी, मग ताट वाढी.

सगळ्यांत कठीण काम मात्र वेगळेच. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, वादळाचा इशारा आला, आणि नौकेचा खण अजून रिकामा आहे. परतावे तर डिझेल-बर्फाचे पैसे अंगावर येतात. न परतावे तर माणसे जातात. काका म्हणत, मासे दर्यात राहिले तर उद्या मिळतील. या बाबतीत त्यांनी मालकाच्या बोलण्याची पर्वा केली नाही. सोबत नेलेली माणसे परत आणून त्यांच्या त्यांच्या उंबऱ्यात सोडायची, हा ते तांडेलाचा धर्म मानीत.

तरी एकदा एक खलाशी परत आला नाही. जाळे ओढताना लाटेने नेला. दोन दिवस शोधूनही देह मिळाला नाही. नौका किनाऱ्याला लागली तेव्हा काका आपल्या घरी आले नाहीत. ते आधी त्या खलाशाच्या घरी गेले आणि ओटीवर बसून राहिले. पुढे प्रत्येक फेरीचा हिशेब झाला की एक वाटा त्या घरी जाई, तो मुलगा मोठा होऊन कमावता होईपर्यंत.

भगिनींनो, हे सारे सांगितले ते आता ज्याच्याविषयी बोलणार त्याचे दुःख आपल्याला कळावे म्हणून.

२६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. १६६ माणसे त्यात गेली. ताजमहाल हॉटेल, छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय ही नावे आपण विसरलेलो नाही. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव मुलांनाही माहीत आहे. पण त्या हल्ल्यातले पहिले बळी मुंबईच्या रस्त्यावर पडले नव्हते. ते समुद्रात पडले, आणि ते मासेमार होते.

‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका. नोव्हेंबरच्या मध्यास ती फेरीवर निघाली. नौकेवर पाच जण : एक तांडेल आणि चार खलाशी. कराचीहून निघालेल्या दहा अतिरेक्यांनी २३ नोव्हेंबरला अरबी समुद्रात ही नौका धरली. मासेमारी नौकेवर शस्त्र कसले असणार? फार तर कोयता आणि सुरी. चौघा खलाशांना दुसऱ्या नौकेवर नेले आणि ठार केले. तांडेलाला मात्र जिवंत ठेवले, कारण मुंबईपर्यंत नौका नेणारा माणूस हवा होता.

सुमारे तीन दिवस तो सुकाणूवर होता. बंदुकीच्या धाकाखाली, सोबतीला आणलेल्या चौघांपैकी एकही जवळ नसताना. २६ तारखेला मुंबई चार-पाच सागरी मैलांवर आली तेव्हा त्याचीही गरज संपली. त्याचा गळा चिरण्यात आला. अमावास्या तोंडावर होती, आकाशात चंद्र नव्हता. अतिरेकी रबरी होडीत बसून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. तिथल्या कोळी बांधवांनी त्यांना हटकले होते. पुढचे आपल्याला माहीतच आहे.

नौका बुडवून टाकायची असा त्यांचा बेत होता, तो साधला नाही. दुसऱ्या दिवशी तटरक्षक दलाला कुबेर सापडली. आत तांडेलाचा देह होता. दिशादर्शक यंत्र होते, उपग्रह फोनही होता. हल्लेखोर कुठून आणि कसे आले, याचा पुरावा त्या नौकेनेच दिला. खटल्यात तो उपयोगी पडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑगस्टमध्ये कसाबची फाशी कायम केली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्यास ती अमलात आली.

त्या तांडेलाचे नाव न्यायालयाच्या कागदात अमरचंद सोळंकी असे आहे. पुष्कळ वर्तमानपत्रांत अमरसिंह सोळंकी असे आले. ज्याच्या नावातही अशी दुरुक्ती राहिली, त्याची आठवण आपण किती ठेवली, हे मी निराळे सांगायला नको. त्याने नौका का बुडवली नाही, दुसरीकडे का नेली नाही, असे कोणी विचारील. दहा बंदुका आणि एक निःशस्त्र माणूस, हे ध्यानात घेतले म्हणजे असा प्रश्न विचारायचा धीर होत नाही. मला एवढेच वाटते की, परत न्यायची माणसे हातची गेली हे दुःख घेऊन ज्याला तीन दिवस सुकाणू धरावे लागले, त्याच्याएवढी शिक्षा कोणत्याही तांडेलाला झाली नसेल.

आता त्या चार खलाशांच्या घरांचे. त्यांचे देह मिळाले नाहीत. समुद्रात हरवलेल्या माणसाच्या घरी हे दुसरेच संकट येते. सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो मृत धरावा, असे आपला कायदा सांगतो. पुरावा असेल तर आधीही होते, पण त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. तोवर मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्यावाचून विमा, मदत, बँकेतले पैसे सारे अडते. बाईला धड सवाष्ण म्हणत नाहीत, धड विधवा म्हणत नाहीत.

माझ्या काकांच्या त्या खलाशाच्या बायकोचे असेच झाले. आमच्या आळीत संक्रांतीचे हळदीकुंकू असले की बाया तिच्या दाराशी येऊन घुटमळत आणि पुढे जात. तिला बोलवावे तरी चुकते, न बोलवावे तरी चुकते, असे त्यांना वाटे. आमची काकू तांडेलाची बायको. तिने एके वर्षी तिला हाताला धरून आणले, आपल्या शेजारी पाटावर बसवले आणि पहिले कुंकू तिला लावले. कोणी काही बोलले नाही. नवऱ्याने वाटा दिला, काकूने पाट दिला. दोघांनी आपापल्या परीने तांडेलकी केली, असे मला वाटते.

१ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात आणि घरोघरच्या बायका नौकांकडे पाहत उभ्या राहतात. आपल्याकडे त्या दिवशी राखी बांधून नारळीभात होतो. तो वाढताना त्या बायकांची आठवण करावी.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या वस्तीतल्या सर्व बायकांना बोलवावे. जिचा नवरा गेला तिला, जिचा नवरा टाकून गेला तिला, आणि ज्याचा पत्ताच नाही अशाच्या बायकोलाही. आमंत्रण देताना दारात घुटमळू नये. सूचना मान्य झाली तर आमंत्रणाला मी स्वतः फिरेन; वाणाचा खर्च वाढला तर त्यात माझा वाटा थोडा अधिक धरावा.