बिघडलेल्या वाटाण्याची बाजू



पत्रिकेवर आजचा विषय ‘वाटाणा पिकातील जनुकीय विविधता’ असा छापला आहे. विषय मी सोडणार नाही. पण त्यातली एकच गोष्ट मला तुमच्या गळी उतरवायची आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. वाटाण्यात आपण जे जे मोलाचं मानतो, त्यातलं बरंचसं कुठलं ना कुठलं जनुक बिघडल्यामुळे आपल्याला मिळालेलं आहे. बिघडलेलं बी कुणीतरी फेकून न देता पुन्हा पेरलं, म्हणून ते टिकलं.

मेंडेलने वाटाण्यावर केलेले आनुवंशिकतेचे प्रयोग तुम्हाला ठाऊकच आहेत. ब्रनोचा मठ, सात गुणधर्म, तीनास एक. शाळेत आपण सगळ्यांनी त्या प्रमाणाच्या चौकटी भरल्या आहेत, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की त्याने आपलं काम 1865 मध्ये वाचून दाखवलं. त्या सातांपैकी दाण्याच्या सुरकुतीमागचं जनुक 1990 मध्ये सापडलं आणि शेवटच्या तीन गुणधर्मांचा उलगडा 2025 मध्ये झाला. मधे 160 वर्षं गेली. शेवटचं काम इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरने आणि चिनी शास्त्रज्ञांनी मिळून केलं. वाटाण्याचे सुमारे 700 नमुने घेऊन त्यांचा डीएनए वाचून काढला. ते नमुने बियाण्यांच्या संग्रहात कुणीतरी सांभाळून ठेवले होते, म्हणूनच हे जमलं.

आता या टेबलावरच्या तीन वाट्या बघा. पुढच्या रांगेतल्यांनी हातात घ्या आणि मागे द्या. दाणे परत आले पाहिजेत. (हशा) हे तिन्ही वाण्याच्या दुकानातले आहेत. एक पांढरा वाटाणा, मिसळीचा आणि रगड्याचा, जो बहुधा कॅनडा नाहीतर रशियातून जहाजाने आलेला असतो. दुसरा हिरवा, कडधान्याचा. तिसरा काळा, मालवणी घरात ज्याचं सांबारं करून आंबोळीबरोबर खातात तो.

यातला काळा हा जुन्या वळणाचा. त्याचं रंग तयार करणारं जनुक शाबूत आहे. रोप वीतभर झालं, की खोडाला कवटाळून बसलेल्या उपपर्णाच्या बेचक्यात बघा. तिथे जांभळट कडं दिसेल. फूल यायला अजून बराच अवकाश असतो, पण ते जांभळं येणार हे त्या कड्यावरूनच सांगता येतं. दाण्याचं गडद साल, जांभळं फूल आणि बेचक्यातला डाग हे तिन्ही बरोबर चालतात, हे मेंडेलनेही नोंदवून ठेवलं होतं. पांढऱ्या वाटाण्यात हेच जनुक बिघडलेलं आहे. म्हणून फूल पांढरं आणि साल इतकं फिकट, की आतली पिवळी डाळ बाहेरून दिसते. हिरव्यात तर दोन बिघाड आहेत. रंगाचं जनुक गेलेलं आहेच, शिवाय दाणा पिकताना आतलं हरितद्रव्य मोडून टाकण्याची जी यंत्रणा असते, तीही नीट चालत नाही. म्हणून दाणा वाळला तरी हिरवा राहतो. घरी कुंडीत तिन्ही शेजारी शेजारी पेरा. मुलांना हे पुस्तकातून दाखवण्यापेक्षा डोळ्यांनी दिसू दे.

आता सुरकुतलेला दाणा. हिवाळ्यात आपण सोलून खातो ते गोड मटार, अर्केल, बोनव्हिले वगैरे, त्यांची शेंग वेलीवरच वाळू दिली, तर दाणा आक्रसून सुरकुततो. रगड्याचा मात्र गोल राहतो. फरक एका एन्झाइमचा आहे. स्टार्चच्या साखळ्यांना फांद्या फोडणारं हे एन्झाइम. सुरकुतलेल्या जातीत त्याच्या जनुकात डीएनएच्या सुमारे 800 अक्षरांचा परका तुकडा येऊन बसला आहे, त्यामुळे ते काम करत नाही. दाण्यात स्टार्च कमी बनतं, साखर शिल्लक राहते. साखर पाणी ओढून घेते, दाणा टरारून फुगतो आणि वाळताना तेवढाच आक्रसतो. मटारची गोडी ही त्या तुकड्याची देणगी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तर हे फारच सुंदर दिसतं. गोल वाटाण्यातले स्टार्चचे कण अंडाकृती, सलग. सुरकुतलेल्यातले चिरा पडलेले, तुकड्यातुकड्यांचे. ज्यांच्याकडे कॉलेजची प्रयोगशाळा आहे, त्यांनी एका दाण्याचा कीस काचपट्टीवर घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकून जरूर पाहावं.

हो, तुम्ही हात वर केलात, बोला. ‘गोड असेल तर मधुमेहाला चालणार नाही ना?’ (हशा) हसू नका, प्रश्न महत्त्वाचा आहे. यावर मी फार बोलणार नव्हतो, पण आता निघालंच आहे तर सांगतो. फांद्या कमी फुटल्यामुळे या दाण्यातलं स्टार्च आपल्या आतड्यात सावकाश पचतं, काही तर पचतच नाही. 2020 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने आणि जॉन इन्सने इतरांच्या साथीने माणसांवर प्रयोग केले. सुरकुतलेला वाटाणा, सबंध किंवा पीठ करून, खाल्ल्यावर रक्तातली साखर गोल वाटाण्याच्या मानाने कमी चढली. म्हणजे ज्या बिघाडाने गोडी आणली, त्यानेच साखरेची चढण कमी केली. यावरून उद्यापासून औषध बंद करू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. (हशा) पण विचार करा, शाळेच्या पुस्तकात ज्याला आपण नुसतं ‘अप्रभावी लक्षण’ म्हणून घोकलं, त्यात एवढं दडलेलं होतं. शतकभर सगळ्यांना ती फक्त सुरकुती वाटली.

बुटक्या वाटाण्याचं थोडक्यात सांगतो. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनवणारं एन्झाइम एका अक्षराच्या बदलाने अगदी दुबळं झालं, म्हणून झाड बुटकं राहिलं. बाहेरून जिबरेलिन फवारलं, तर तेच झाड उंच जातं. आणि बिनपानाचा वाटाणा, ज्याच्या पानांच्या जागी ताणेच ताणे येतात. झाडं एकमेकांना धरून उभी राहतात, लोळत नाहीत, यंत्राने कापता येतात. आज जगात कोरड्या वाटाण्याचे मोठमोठे मळे याच प्रकारावर चालले आहेत. पान हरवलेलं झाड पहिल्यांदा ज्याने पाहिलं असेल, त्याने ते रोगट म्हणून उपटलं असतं, तर काही नवल नव्हतं.

भुरी रोगाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. पुरंदरच्या शेतकऱ्याला भुरी सांगावी लागत नाही. दिवसा ऊन, रात्री गारवा, हवा कोरडी, की पानावर पीठ शिंपडल्यासारखी पसरते आणि शेंगा भरायच्या आत वेल म्हातारा होतो. 1948 मध्ये हारलँड नावाच्या शास्त्रज्ञाने पेरूमधल्या वाटाण्यात भुरी न लागण्याचा गुण नोंदवला. पेरू म्हणजे दक्षिण अमेरिका, वाटाण्याचं मूळ घर पश्चिम आशियात. युरोपातून समुद्रापार गेलेलं बी तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं पेरत ठेवलं, आणि त्यात हे निघालं. प्रतिकार म्हटला, की आपल्याला वाटतं झाडाकडे काहीतरी जादा शस्त्र असेल. इथे उलट आहे. 2011 मध्ये कळलं, की एक प्रथिन या झाडांमध्ये मोडलेलं आहे. ज्या प्रथिनाच्या आधाराने बुरशी पेशीत शिरते, नेमकं तेच नाही. आतून कडी काढून देणारा फितूरच घरात नसावा, तसं. जगभरच्या भुरीरोधक जाती आज मुख्यतः या गुणावर उभ्या आहेत.

मागून आवाज आला, ‘मग काय भेसळच पेरायची का?’ तुम्ही बीजोत्पादनात आहात असं दिसतं. नाही, मी तसं म्हणत नाही. कृपा करून माझ्या तोंडी ते घालू नका. ज्या शेतकऱ्याने पैसे मोजून पिशवी घेतली, त्याला एकसारखं पीक मिळालंच पाहिजे. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटमधून वेगळं झाड काढायलाच हवं. मी एवढंच म्हणतोय, काढा, पण बांधावर फेकू नका. रानवाटाण्याची शेंग वाळली, की तडकते आणि दाणे उधळते. दहा हजार वर्षांपूर्वी ज्या झाडाची शेंग तडकली नाही, ते झाडाच्या हिशेबाने नापासच होतं. त्याला तेव्हाच्या लोकांनी भेसळ म्हणून फेकलं असतं, तर आज आपण कशावर बोलत असतो? (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. रानातल्या नातेवाइकांवर बोलायचं राहिलं. पिसम फुल्वम नावाचा एक आहे, इस्रायल-सीरियाकडचा, नारिंगी फुलांचा. वाटाणा पोखरणारा भुंगा त्याच्यापुढे हरतो. त्याच्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही. ते पुन्हा कधीतरी.

मला जे मागायचं आहे, ते मागतो. वाटाण्याचं फूल मिटलेलं असतानाच परागीभवन होतं, त्यामुळे वेगळ्या झाडाचं बी सहसा मिसळत नाही. बाजरीत किंवा मक्यात हे एवढं सोपं नाही, वाटाण्यात सोपं आहे. म्हणून तुमच्या शेतात वेगळं झाड दिसलं, वेगळं फूल, पान, शेंग, भुरीतही हिरवं राहिलेलं, काहीही, तर त्याच्या शेंगा कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिक नको. वर गाव, तारीख आणि काय वेगळं दिसलं ते पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने फुटते. पुढच्या हंगामात एक ओळ पेरा. मेंडेलनेही हेच केलं. त्याने बियाणं विक्रेत्यांकडून 34 वाण आणले, दोन वर्षं नुसते पेरून पाहिले आणि त्यातले 22 ठेवले. खरा प्रयोग त्यानंतर.

बऱ्याचदा तो वेगळेपणा पाण्याचा किंवा खताचा निघेल आणि पुढच्या वर्षी नाहीसा होईल. मग ते दाणे खुशाल उसळीत घाला. पण दुसऱ्या वर्षीही तो टिकला, तर पिशवी घेऊन जवळच्या कृषी महाविद्यालयात जा, नाहीतर अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे द्या. शेतकऱ्याला स्वतःचं वाण आपल्या नावावर नोंदवता येतं, 2001 च्या कायद्याने तो हक्क दिलेला आहे. त्याबद्दल विचारायचं असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मी इथेच थांबतो. घंटा झाली.