घरचे देणे

यमुना ओलांडून दिल्लीची पूर्व हद्द सोडली की नोएडा लागते, आणि त्याच्या पलीकडे ग्रेटर नोएडाचा पश्चिम भाग. तेथील उंच इमारतींतून पुण्याहून, नागपुराहून, सोलापुराहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही राहतात. आणि त्यांतली जी तरुण आहेत, ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे किंवा थोरले नुकतेच शाळेत जाऊ लागले आहे, त्यांच्या मिळकतीचा फार मोठा हिस्सा पगार जमा होताच हप्त्यांत निघून जातो. हे कर्ज बहुतेकांनी चैनीसाठी काढलेले नसते. परमुलखात मुलांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे, या सरळ इच्छेपोटी ते काढलेले असते.

या भागात त्या इच्छेची फार क्रूर परीक्षा झाली. आम्रपाली या बिल्डर समूहाच्या प्रकल्पांत बेचाळीस हजारांवर लोकांनी घरे नोंदविली होती; पैसा अन्यत्र वळविला गेला, इमारती अर्धवट राहिल्या, आणि अखेर २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा व न्या. उदय लळित यांच्या पीठाने बांधकाम पुरे करण्याचे काम सरकारी मालकीच्या एनबीसीसी या बांधकाम कंपनीकडे सोपविले. मधली वर्षे या कुटुंबांनी राहत्या घराचे भाडे आणि न बांधलेल्या घराचा हप्ता अशी दोन्ही ओझी एकाच पगारावर वाहिली. कित्येक प्रकल्पांत तर ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरील, असा करार असे. बँकेने रक्कम परस्पर बिल्डरच्या हवाली केली, बिल्डरने हप्ते थांबविले, आणि तगादा आला तो ग्राहकाच्या दारी. या व्यवहारांची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सीबीआयकडे दिली.

अशा घरात दुसरे कर्ज कसे शिरते, ते नीट पाहिले पाहिजे. अनेक घरकर्जांचे दर ज्याच्याशी बांधलेले असतात, तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या आरंभी चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. पन्नास लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ६.७ टक्क्यांनी घेणाऱ्याचा हप्ता सुमारे ३७,८७० रुपये बसतो. दर ९.२ टक्के झाला की पन्नास लाखांवर एका महिन्याचे व्याजच ३८,३३३ रुपये होते. म्हणजे मुद्दल फारसे फिटलेले नसताना जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही. तो वाढवावाच लागतो, नुसती मुदत लांबवून भागत नाही. वाढलेला हप्ता आणि मुलाच्या शाळेची तिमाही फी एकाच महिन्यात आली, की हात क्रेडिट कार्डाकडे जातो. अनेक कार्डांवर थकबाकीचे व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के असते. दोन लाखांच्या थकबाकीवर पाच टक्के ‘किमान देय’ म्हणून दहा हजार भरले, तर सात हजार व्याजात आणि त्या व्याजावरील कर म्हणून आणखी बाराशे साठ रुपये जातात; मुद्दल जेमतेम सतराशे चाळीस रुपयांनी उतरते. माझ्या मते तरुण संसाराला खरा धोका घरकर्जापेक्षा या दुसऱ्या कर्जाचा अधिक आहे, कारण ते बहुधा चोरून वाढते. नवरा बायकोला सांगत नाही, बायको माहेरून आणलेली उसनवारी नवऱ्याला सांगत नाही, आणि एकूण देणे किती हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते.

आपले देणे किती हे ठाऊक नसण्याची ही गत जुनीच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील दस्तऐवज आणि वह्या काढून जाळल्या. ज्या खात्यावर आपला अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. त्या उठावानंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी कायदा झाला, त्याने रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला, आणि पावती व हिशेब मागण्याचा हक्क कर्जदाराला दिला. आज तो हक्क आपल्याला विनासायास लाभलेला आहे: किती मुद्दल व किती व्याज फिटले, किती हप्ते उरले आणि दर काय, याचे विवरण दर तिमाहीला कर्जदारास मिळावे, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे. मात्र भीतीने आपणच ते विवरण उघडत नाही.

म्हणून सर्व देणी एका कागदावर उतरावीत, मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसेसुद्धा. आणि प्रत्येकापुढे व्याजाचा दर लिहावा. मुलांचे दूध, औषध, घरभाडे आणि शाळा यांची तजवीज आधी करावी, मग राहत्या घरावरील हप्ता, आणि त्यानंतर उरेल तो प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जावर घालावा. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर किंवा सोन्यावर बँकेकडून पुष्कळ कमी दराने कर्ज मिळते. त्यातून कार्ड बेबाक करून ते बंद करणे शहाणपणाचे आहे. दागिना गहाण पडला याची लाज वाटण्याचे कारण नाही. हप्ता चुकणार हे दिसू लागताच, चुकण्यापूर्वी, बँकेला लेखी अर्ज देऊन मुदतवाढ मागावी.

वसुलीच्या दूतांनाही मर्यादा आहेत. सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर त्यांनी फोन करावयाचा नाही, शिवीगाळ वा धमकी द्यावयाची नाही. कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपला तुमच्या फोनमधील नातलगांची यादी वाचण्याचा अधिकार नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकिलाचे साहाय्य मोफत मिळते. त्यासाठी दूरध्वनी १५१०० हा आहे. आणि या ओझ्याने मन अगदीच खचले असेल, तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीशी कोणत्याही वेळी बोलता येते.

ज्या घरी हप्ता थकला आहे, तेथील पतिपत्नींनी येत्या रविवारी सगळे कागद एकत्र मांडून बसावे आणि एकमेकांपासून एकही आकडा लपवू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.