मुलाखतीत सावली सांगा



जैवतंत्रज्ञानाची पदवी हाती आली की पाठोपाठ मुलाखतीची धास्ती येते. समोर पुण्या-मुंबईचे साहेब, प्रश्न इंग्रजीत, आणि आपण सावली गावचे. मुलाखती घेताना ही धास्ती मी अनेक चेहऱ्यांवर पाहिली आहे, म्हणून आज तेवढ्यावरच बोलतो.

मुलाखतीत सांगण्यासारखी उदाहरणे आपल्या सावलीच्या आसपासच आहेत. इथून जवळच, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे राहत. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली, आणि त्यातून एचएमटी हा बारीक तांदूळ आला. तुमच्यापैकी कित्येकांच्या बांधीत तो पिकतो. आता मी विचारतो : याला जनुकीय सुधारित वाण म्हणाल का? नाही, तर का नाही? निवडलेला गुण पुढच्या पिढ्यांत टिकला कसा? धान मुख्यतः स्वपरागित आहे, इथून सुरुवात करून पाच मिनिटे बोलता आले, तर आनुवंशिकीचा अर्धा पेपर तुम्ही तिथेच सोडवला.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. आपल्या भागात हा आजार किती घरांत आहे, हे तुम्हाला सांगायला नको. बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन, हे सगळेच पाठ म्हणतात. मी पुढचे विचारतो. गावातल्या तपासणीत सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर तो माणूस रुग्ण की वाहक? ती टेस्ट हे सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. एका टेस्टची मर्यादा ज्याला कळली, त्याला प्रयोगशाळा कळली. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. हे घाबरलेल्या कुटुंबाला आपल्या बोलीत समजावून सांगणारा मुलगा मला हवा असतो. २०२३ मध्ये देशाने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, २०४७ हे तिचे लक्ष्य आहे. त्या कामाला तुमच्याइतकी जवळची माणसे कुठून मिळणार?

बाकी तयारी हातांची. एक मोलर मिठाचे ५० मिलिलिटर द्रावण करायला मीठ किती? २.९२ ग्रॅम. हे कागदावर, न अडखळता यावे. पीसीआरमध्ये डीएनए न घातलेल्या नळीतही पट्टा दिसला, तर काय समजाल? कुठेतरी दूषितता शिरली. मग कुठे शोधाल, आधी पाणी की प्रायमर? माझा रस सगळा या शोधण्यात असतो. बायोडेटात लिहिलेले प्रत्येक तंत्र तुम्ही स्वतः केलेले असावे. महाविद्यालयात यंत्र एकच होते आणि सरांनी करून दाखवले, तर ‘पाहिले आहे’ असेच लिहा. त्यात कमीपणा नाही. खोटे मात्र दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

इंग्रजीसाठी रोज एक प्रयोग मोठ्याने सांगा : काय केले, का केले, काय मिळाले. वाक्ये छोटी ठेवा. अडलात तर हिंदीत सांगू का, असे विचारा. विचारल्याने नोकरी गेली, असे माझ्यासमोर तरी कधी झाले नाही.

शेवटी ते म्हणतील, तुम्हाला काही विचारायचे आहे का? तेव्हा गप्प बसू नका. काम चाचणी विभागात की उत्पादनात, पाळ्या कशा, प्रशिक्षण किती दिवस, रात्रपाळीला मुलींसाठी गाडी आहे का, सगळे विचारा. आणि नेमणूकपत्रासाठी कुणी आगाऊ पैसे मागितले, तर तिथून सरळ उठा आणि आधी आपल्या सरांना फोन करा.