बोरघाटाच्या पायथ्याशी आपले स्वागत



आमच्या कर्जत-खालापूरच्या मुलखाचा इतिहास म्हटला की पहिल्यांदा उंबरखिंड आठवते. 1661 साली शिवरायांनी मोगल सरदार कारतलबखानाला तिथे चावणीच्या रानात कोंडले, त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण इथला लिहिलेला इतिहास त्याच्याही दीड हजार वर्षांहून अधिक मागे जातो.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यातल्या चैत्यगृहाबाहेर, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच ती सांगते. राजाचे नाव नाही, दानाचा आकडा नाही. आहे ते बहुधा एका कारागिराचे नाव. ती ओळ कुणीतरी वाचली, म्हणून बलक आज आपल्याला ठाऊक आहे.

म्हणूनच आज डॉ. शोभना गोखले यांचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या या विदुषीने मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतले लेख अक्षर न् अक्षर तपासून वाचले. 1991 साली त्यांचा या लेखांवरचा ग्रंथ निघाला. कान्हेरीत विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष आहेत. येणारा-जाणारा ते ओलांडून पुढे जायचा. बाईंनी तिथल्या शिळांवरचे लेख लावले आणि दिवंगत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्षूंची नावे, त्यांची थोरवी आपल्यासमोर आली. ‘पुराभिलेखविद्या’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले, ही मला त्यांची फार मोठी देणगी वाटते. त्यामुळे जुने लेख वाचण्याचा विषय गावच्या शिक्षकाच्या आवाक्यात आला. 2013 साली त्या गेल्या.

आमच्याकडे गडांवर श्रमदानाला तरुण उत्साहाने जातात. त्यांचे कौतुक आहे. पण टाके साफ करणारे हात जितके आहेत, तितके लेख वाचणारे डोळे नाहीत, आणि ही उणीव मला बोचते. आजच्या या परिषदेने ती भरून काढायला सुरुवात करावी.

कर्जत-खालापूरच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: मुलांना कोंडाण्याच्या, आंबिवलीच्या लेण्यांत घेऊन जा. अक्षरांवर खडू किंवा तेल लावू देऊ नका, भिंतीवर नावे कोरू देऊ नका. आणि वाडीवस्तीवर, बांधावर कोरीव दगड दिसला तर तो जागचा न हलवता फोटो काढा आणि इथे जमलेल्या अभ्यासकांपैकी कुणालाही कळवा.