कागद वाचता येणाऱ्यांचं काम



मानवी तस्करी म्हटलं की पळवून नेलेली मुलगी डोळ्यांसमोर येते. पण पश्चिम ओडिशातल्या बलांगीर, नुआपाडा जिल्ह्यांत कुणाला पळवावं लागत नाही. नुआखाईचा सण झाला की ‘सरदार’ येतो, उचल देतो आणि अख्खं कुटुंब तेलंगणातल्या वीटभट्टीवर जातं. जाणारे बहुतेक दलित आणि आदिवासी. पुरेशी जमीन नाही, बँक दारात उभं करत नाही. मग आजारपण असो की लग्न, उचलीवरच भागवायचं.

“स्वतःहून गेले ना?” असं लोक विचारतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 सांगतं की शोषणासाठी धाक, फसवणूक किंवा आमिष दाखवून नेलं असेल, तर संमती होती हा बचाव चालत नाही.

नुसती उचल म्हणजे तस्करी नव्हे. पुढचं बघा. हिशेबाची वही फक्त मालकाकडे आहे का? आधार कार्ड, मोबाइल काढून घेतलेत का? बाजारालाही पहारा असतो का? एकाला गावी सोडताना दुसऱ्याला अडकवून ठेवतात का? यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर सावध व्हा.

मात्र भट्टीवर जाऊन जाब विचारू नका. मालक रातोरात माणसं हलवू शकतो, आणि मार आतल्यांना बसतो. व्हिडिओ पसरवू नका. शक्य असेल तर त्या माणसाशी एकट्यात बोला, त्याला काय हवंय ते विचारा. ठिकाण, गाडीचा नंबर, माणसं किती, मुलं किती, हे लिहून ठेवा. जिवाला धोका असेल तर 112, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181. वेठबिगारी असेल तर संघटनेला सोबत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

1976 च्या वेठबिगार कायद्यानं असं कर्ज रद्द होतं, आणि ते वेठबिगारीचं नाही हे मालकानं सिद्ध करायचं असतं. पीडित अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर ॲट्रॉसिटीचं कलमही लावायला सांगा. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्राचा आग्रह धरा. ते हातात नसेल तर पुनर्वसन अडतं, आणि पुढच्या नुआखाईला सरदार पुन्हा दारात येतो.

संविधानाचं कलम 23 वेठबिगारीला मनाई करतं. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं. हे वस्तीत सांगणार कोण? कागद वाचता येणारे पहिले आपणच. अंगठा उठण्याआधी कागद मोठ्यानं वाचून दाखवा. कागदच नसेल, तर तो मागा.